विणलेला कपडा, पण कोणता? आयात होजरी मालाचे कस्टम वर्गीकरण



गेल्या महिन्यात चितेगावातील एक तरुण आमच्याकडे नमुना घेऊन आला. निळ्या रंगाचा, कॉलरचा, गळ्याला तीन बटणे असलेला टी-शर्ट. म्हणाला, "चाचा, बांगलादेशचा माल आहे. पाच हजार नग मागवायचे आहेत. समोरच्या पार्टीने कागदावर ६१०९ नंबर लिहून दिला आहे. भाव जमला आहे. फक्त एकदा बघून घ्या."

आम्ही भाव पाहिला नाही. कॉलर पाहिली, बटणपट्टी पाहिली आणि म्हटले, "बेटा, माल चांगला आहे, पण नंबर चुकला आहे."

तो हसला. एका नंबराने काय होते, असे त्याला वाटले असावे. आम्हालाही एकेकाळी तसेच वाटत होते.

पैठण रस्त्यावरील आमच्या चितेगावचे नाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे सर्वदूर गेले. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. नोकरीचा भरवसा उरला नाही, म्हणून गावची पोरे आता लहानमोठ्या तिजारतीकडे वळू पाहतात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु बाहेरदेशाचा माल मागवणे म्हणजे सुरतेहून किंवा तिरुपूरहून बिल्टीने गाठ मागवणे नव्हे. तेथे मालाला आधी नंबर लागतो आणि मग भाव. म्हणून आजचा धडा या नंबरावर आहे.

आमची चूक

२०१४ मध्ये रमजानच्या आधी आम्ही आणि आमच्या एका भागीदाराने बांगलादेशातून कॉलरचे होजरी शर्ट मागवले होते. नोव्हेंबर २०११ पासून भारताने साफ्टा कराराखाली अल्पविकसित शेजारी देशांच्या मालाला, दारू-तंबाखूसारख्या थोड्या वस्तू सोडून, शुल्कमाफी दिली होती. त्या माफीवरच आमचा सारा हिशेब उभा होता. समोरच्याने मूळ देशाच्या दाखल्यावर ६१०९, म्हणजे टी-शर्ट, असे लिहिले. आम्ही तोच नंबर आपल्या कागदावर उतरवला.

बंदरात अधिकाऱ्याने एक गाठ उघडली. कॉलर आणि बटणपट्टी पाहून त्याने सांगितले की, हा टी-शर्ट नाही, हा निट शर्ट आहे आणि तो ६१०५ मध्ये जातो. दाखल्यावरचा नंबर एक आणि मालाचा नंबर दुसरा. दाखला जुळला नाही म्हणून माफी थांबली. हमीपत्र आणि बँक गॅरंटी देऊन तात्पुरत्या आकारणीवर माल सुटेपर्यंत गोदामभाडे चढत राहिले. माल दुकानात आला तेव्हा ईद होऊन गेली होती. ज्या हातगाडीवाल्यांनी आमच्याकडे आगाऊ रक्कम ठेवली होती, त्यांना ती परत करावी लागली. दुरुस्त दाखला आला, गॅरंटीही पुढे सुटली, पण हंगाम परत आला नाही. ती भागीदारीही त्या ईदनंतर टिकली नाही.

यात अधिकाऱ्याचा दोष नव्हता. समोरच्या पार्टीला बोलूनही उपयोग नव्हता, कारण आपल्या कायद्यात आयात करणाराच आपल्या मालाचे वर्गीकरण जाहीर करतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते. २०११ पासून कस्टममध्ये स्वयंआकारणी आहे. सही आमची होती, म्हणून चूकही आमची होती.

नंबर येतो कोठून?

मराठीत आयात करालाही 'जकात' म्हणतात. आपल्या घरात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. म्हणून घोटाळा नको, आपण येथे 'कस्टम शुल्क' असेच म्हणू.

दोन कायदे लक्षात ठेवावेत. शुल्क कसे घ्यायचे, कागद कसे भरायचे, दंड कधी लागतो, हे कस्टम्स कायदा १९६२ सांगतो. कोणत्या वस्तूवर किती शुल्क, हे कस्टम्स टॅरिफ कायदा १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात असते. हे परिशिष्ट म्हणजे जगातील सर्व वस्तूंची एक मोठी खतावणी समजा. तिची मूळ रचना ब्रुसेल्स येथील जागतिक कस्टम संघटनेची आहे. ती रचना जगभर १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारताने तिच्या धर्तीवर आपले टॅरिफ १९८६ मध्येच बांधले होते.

आपल्याकडे नंबर आठ आकडी असतो. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. चार आकड्यांचे शीर्षक. सहा आकड्यांपर्यंतचा नंबर सर्व देशांत सारखा. शेवटचे दोन आकडे भारताचे स्वतःचे. उदाहरणार्थ ६१०९ १० ००. ६१ म्हणजे निट कपडे, ६१०९ म्हणजे टी-शर्ट व बनियन, ६१०९ १० म्हणजे सुती टी-शर्ट व बनियन.

पहिला प्रश्न : विणले कसे?

येथे आपली भाषाच आपल्याला फसवते. मराठीत मागावरची पैठणीही 'विणतात' आणि सुयांवरचा स्वेटरही 'विणतात'. उर्दूतही दोन्हींना 'बुनना' म्हणतात. परंतु कस्टमच्या खतावणीत या दोन निराळ्या जाती आहेत.

मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना हे सांगायला नको. मागावर ताना आणि बाना असे दोन धागे असतात. एक उभा, एक आडवा, आणि ते एकमेकांवरून-खालून जातात. याला वोव्हन म्हणतात. होजरीच्या यंत्रावर धाग्याचा फंदा पडतो आणि त्या फंद्यातून दुसरा फंदा निघतो. याला निट म्हणतात. क्रोशाचे कामही निटबरोबरच मोजतात. कापड हातात घेऊन भिंगाखाली पाहिले की फरक लगेच कळतो. आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर वोव्हन. साखळीसारखे फंदे दिसले तर निट. ताणून पाहणे ही खात्रीची परीक्षा नाही, कारण आजकाल लायक्रा घातलेले वोव्हन कापडही ताणते.

निटचे शिवलेले कपडे प्रकरण ६१ मध्ये जातात आणि वोव्हनचे प्रकरण ६२ मध्ये. निटचे नुसते कापड, म्हणजे थान किंवा रोल, प्रकरण ६० मध्ये जाते.

आपल्या बाजारातील दोन उदाहरणे घेऊ. हिजाबचे स्कार्फ दोन प्रकारचे येतात. जर्सीचा स्कार्फ निट असतो, तो ६११७ मध्ये जातो. शिफॉनचा वोव्हन असतो, तो ६२१४ मध्ये जातो. डबा एक, लेबल एक, दुकानातले शेल्फ एक, पण कस्टमची प्रकरणे दोन. आपल्या औरंगाबादची हिमरू शालही मागावरची, म्हणून ६२१४ ची.

काही वस्तू निट असूनही ६१ मध्ये जात नाहीत. विणलेली नमाजी टोपी डोक्यावरची वस्तू म्हणून ६५०५ मध्ये जाते. ब्रेसियर आणि त्या जातीच्या वस्तू, निट असोत वा वोव्हन, ६२१२ मध्ये जातात. वापरलेले जुने कपडे ६३०९ मध्ये जातात आणि त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. तेव्हा नव्या मालाच्या गाठीत जुने स्वेटर घालून पाठवतो असे कोणी म्हटले, तर त्या सौद्यापासून दूर राहावे.

दुसरा प्रश्न : वस्तू कोणती?

प्रकरण ६१ मध्ये ६१०१ पासून ६११७ पर्यंत शीर्षके आहेत. आपल्या कामाची ही :

६१०३ – पुरुषांचे सूट, जाकीट, पँट.
६१०४ – स्त्रियांचे सूट, ड्रेस, स्कर्ट, पँट.
६१०५ – पुरुषांचे व मुलांचे शर्ट.
६१०६ – स्त्रियांचे व मुलींचे ब्लाउज, शर्ट.
६१०७ व ६१०८ – आतले कपडे, पायजमे, रात्रीचे कपडे.
६१०९ – टी-शर्ट, बनियन.
६११० – स्वेटर, पुलओव्हर, कार्डिगन व तत्सम.
६१११ – तान्ह्या मुलांचे कपडे.
६११२ – ट्रॅकसूट, पोहण्याचे कपडे.
६११५ – मोजे, स्टॉकिंग.
६११६ – हातमोजे.

सर्वांत जास्त भांडण ६१०५, ६१०९ आणि ६११० या तिघांत होते. दुकानात आपण तिन्हींना 'टी-शर्ट' म्हणून मोकळे होतो. कस्टम तसे मानत नाही. त्यांच्या टिपांप्रमाणे टी-शर्ट म्हणजे हलक्या वजनाचा, बनियनच्या घाटाचा निट कपडा. त्याला कॉलर नसते, बटणे नसतात, गळ्यापाशी चीर नसते. गळा गोल, चौकोनी किंवा व्ही आकाराचा चालतो. बाही लांब किंवा आखूड चालते. छातीवर चित्र किंवा अक्षरे छापलेली चालतात. याच्या खालच्या घेराला नाडी, रिब किंवा आवळणारी दुसरी सोय असेल, तर तो ६१०९ मध्ये राहत नाही.

पुरुषांचा कॉलर आणि बटणपट्टीचा निट कपडा शर्ट म्हणून ६१०५ मध्ये पाहावा. पण त्यालाही अटी आहेत. कमरेखाली खिसा असेल तर तो ६१०५ मध्ये बसत नाही. खालच्या घेराला रिब किंवा आवळण असेल तर बसत नाही. बिनबाहीचा असेल तरी बसत नाही. आणखी एक अट फार थोड्यांना ठाऊक आहे : निदान १० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद जागेवर मोजून, दोन्ही दिशांना, दर सेंटिमीटरला सरासरी १० पेक्षा कमी फंदे पडत असतील, तर तो जाड विणीचा कपडा शर्टात धरत नाहीत. त्याचा विचार बहुधा ६११० मध्ये, म्हणजे स्वेटरच्या घरात होतो. खालच्या घेराला रिब असलेल्या स्वेटशर्टाचेही तेच.

म्हणून नमुना हाती आला की चार जागा पाहाव्यात. गळा, बाही, खिसा आणि घेर. मग भिंग घेऊन फंदे मोजावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

अबायाबद्दल बांधव वारंवार विचारतात. निटचा, समोरून उघडा, इतर कपड्यांवरून घालायचा अबाया आणि बंद, ड्रेससारखा अबाया यांचे घर एकच असेल असे धरू नये. पहिल्यासाठी स्त्रियांच्या कोट-क्लोकचे ६१०२ आणि दुसऱ्यासाठी ६१०४ तपासावे लागते. येथे आपल्या मनाने नंबर टाकू नये. आधी निर्णय मागवण्याची सोय आहे, ती पुढे सांगितली आहे.

तिसरा प्रश्न : कोणासाठी?

समोरून बंद होणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचा, असा नियम आहे. मात्र कपड्याच्या कटावरून उलटे स्पष्ट दिसत असेल तर हा नियम लागू होत नाही. पुरुषाचा की स्त्रीचा हे ओळखताच येत नसेल, तर तो स्त्रियांच्या शीर्षकात जातो. टी-शर्ट आणि स्वेटर यांची शीर्षके मात्र स्त्री-पुरुष अशी वाटलेली नाहीत.

लहान मुलांच्या मालात वय पाहू नये, उंची पाहावी. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे ६१११ मध्ये. त्यापुढचे मुलगा किंवा मुलगी यांच्या शीर्षकात.

चौथा प्रश्न : धागा कोणता?

शीर्षक ठरले की सहा आकडी नंबर धाग्यावर ठरतो. सुती, लोकरी, कृत्रिम की इतर. मिश्र धाग्यात नियम सोपा आहे. वजनाने जो धागा सर्वांत जास्त, सगळा कपडा त्याचाच धरायचा. ६० टक्के पॉलिएस्टर आणि ४० टक्के सूत असलेला टी-शर्ट सुती नव्हे. त्यावर मोठ्या अक्षरांत 'कॉटन' छापले असले तरी तो ६१०९ ९० चाच.

बरोबर निम्मे-निम्मे असेल तर? ज्यांचा विचार होऊ शकतो त्यांपैकी खतावणीत जे प्रकरण शेवटी येते ते धरायचे. सूत ५२ व्या प्रकरणात आहे, कृत्रिम आखूड तंतू ५५ व्या प्रकरणात आहे. म्हणून ५०-५० मालात कृत्रिम जिंकतो.

याहून चकवणारे उदाहरण पाहा. एका शर्टात ४० टक्के सूत, ३५ टक्के पॉलिएस्टरचा अखंड धागा आणि २५ टक्के व्हिस्कोसचा आखूड तंतू आहे. कोणीही म्हणेल सूत सर्वांत जास्त, म्हणून सुती. तसे नाही. अखंड कृत्रिम धाग्याचे प्रकरण ५४ आणि आखूड कृत्रिम तंतूचे ५५ ही दोन्ही, तिसऱ्या प्रकरणाशी तुलना करताना, एकच प्रकरण धरावीत असे टीप सांगते. म्हणजे कृत्रिम ६० आणि सूत ४०. तो शर्ट ६१०५ २० मध्ये गेला.

हिमरूच्या कारागिरांनीही हे लक्षात ठेवावे. तुमच्या शालीत रेशीम आहे म्हणून ती आपोआप 'रेशमी शाल' होत नाही. वजनात सूत जास्त असेल तर ती ६२१४ ९० ची, ६२१४ १० ची नव्हे. परदेशी माल पाठवताना शिपिंग बिलावर हाच नंबर पडतो आणि शुल्कपरतावा याच नंबरावर मोजला जातो. तेव्हा हा धडा केवळ माल मागवणाऱ्यांचा नाही, पाठवणाऱ्यांचाही आहे.

धागा दुकानात जाळून पाहता येतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक गुंडी होते. एवढ्यावर धंदा करता येतो, कस्टमचा कागद भरता येत नाही. टक्केवारीसाठी प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या टेक्सटाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळा मुंबईसह अनेक ठिकाणी आहेत. बंदी असलेले घातक अझो रंग मालात नाहीत, याचा दाखलाही कपड्यांच्या आयातीत लागतो. तो समोरच्या पार्टीकडून माल चढण्यापूर्वीच मागून घ्यावा.

पाचवा प्रश्न : पैसे किती?

कपड्यांच्या अनेक ओळींपुढे दर दोन प्रकारे लिहिलेला असतो. 'इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते.' स्वस्त मालाच्या व्यापाऱ्याचा घात येथेच होतो. तो टक्केवारी वाचतो, रुपये वाचत नाही.

हिशेब समजावा म्हणून आम्ही काही आकडे मानतो. हे खरे दर नव्हेत. समजा, एका नगाची कस्टमने धरलेली किंमत १५० रुपये आहे. दर '२० टक्के किंवा ४५ रुपये, जे जास्त ते'. २० टक्क्यांचे ३० रुपये झाले. ४५ जास्त आहेत, म्हणून ४५. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ४ रुपये ५० पैसे. एकूण ४९ रुपये ५० पैसे. आता तोच कपडा दुसऱ्या शीर्षकात गेला आणि तेथे नगामागे ८५ रुपये असले, तर ८५ अधिक ८ रुपये ५० पैसे, म्हणजे ९३ रुपये ५० पैसे. फरक नगामागे ४४ रुपये. हजार नगांवर ४४,००० रुपये. पाच हजार नगांवर २ लाख २० हजार. कॉलरचा हा भाव आहे.

यावर आयजीएसटी निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्यावर १८ टक्के असा दर झाला. नोंदणी असलेल्याला त्याची वजावट मिळते, पण कस्टम शुल्क आणि अधिभार मिळत नाही. तो मालाच्या किमतीतच जिरतो.

दर बदलत राहतात. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने वस्त्रमालाच्या ३२८ ओळींवरील शुल्क वाढवून २० टक्के केले. मार्च २०२४ मध्ये काही कृत्रिम निट कापडावर किलोला साडेतीन डॉलर अशी किमान आयात किंमत बसवली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निट कापडाच्या नऊ ओळींवर '२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त ते' असा दर केला. म्हणून जुन्या बिलावरचा दर कधीही वापरू नये. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होते त्या दिवसाचा दर लागतो. बिल जहाजाच्या आधीच भरले असेल, तर जहाजाला प्रवेश मिळाल्याचा दिवस धरतात.

कागद आणि वाट

माफी घ्यायची असेल तर मूळ देशाच्या दाखल्यावरील नंबर, बीजकावरील वर्णन आणि बिल ऑफ एंट्री या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. सप्टेंबर २०२० पासून यासाठी नवे नियम आहेत. नुसता दाखला पुरत नाही. माल त्या देशात कसा तयार झाला, ही माहिती आयात करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी लागते आणि विचारल्यास द्यावी लागते. शिवाय, माफीच्या अधिसूचनेत शंका असेल तर तिचा फायदा व्यापाऱ्याला नव्हे, सरकारला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये मुंबई कस्टमच्या दिलीप कुमार आणि कंपनी या प्रकरणात सांगितले आहे.

वाटही पाहावी. १७ मे २०२५ च्या आदेशाने बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरील नाक्यांतून आणणे बंद झाले. त्या आदेशाने केवळ न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरे ठेवली. सौदा करण्याआधी त्या दिवशीचा आदेश काय आहे, हे कस्टम ब्रोकरकडून लेखी विचारून घ्यावे.

शंका असेल तर काय करावे?

एक, आगाऊ निर्णय मागावा. जानेवारी २०२१ पासून दिल्ली आणि मुंबई येथे कस्टमची आगाऊ निर्णय प्राधिकरणे काम करू लागली. मुंबईचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमधील नवीन कस्टम हाउसमध्ये आहे. माल मागवण्यापूर्वी नमुना व माहिती देऊन नंबर विचारता येतो. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे. मिळालेला निर्णय अर्जदारावर आणि कस्टमवर दोघांवरही बंधनकारक असतो. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो कायद्यात ठरवलेल्या मुदतीपर्यंत चालतो.

दोन, माल आलाच असेल आणि शंका असेल तर तात्पुरती आकारणी मागावी. हमी द्यावी लागते, पण माल अडकून पडत नाही.

तीन, अधिकाऱ्याचे म्हणणे पटले नाही तर लेखी आदेश मागावा आणि ६० दिवसांत कमिशनर (अपील) यांच्याकडे जावे. मुदत जाऊ देऊ नये. आकारणीला आव्हान न देता नुसता परताव्याचा अर्ज चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. स्वतः भरलेल्या आकारणीलाही हे लागू आहे.

चार, खोटे लिहू नये. भोळी चूक आणि जाणूनबुजून केलेली लपवाछपवी यांत कायदा फरक करतो. साध्या चुकीत कमी भरलेले शुल्क दोन वर्षांपर्यंत मागता येते. लपवाछपवी असेल तर पाच वर्षांपर्यंत, आणि शुल्काइतकाच दंड वर. माल जप्तही होऊ शकतो. काही जण सल्ला देतात की, 'कमी शुल्काचा नंबर टाका, पकडले तर बघू.' असा सल्ला देणारा दंड भरायला येत नाही. मापात एक बोट कमी देणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, ते आठवावे. हेही तसेच माप आहे.

तो तरुण

आता चितेगावच्या त्या तरुणाकडे येऊ. आम्ही त्याला भिंग दिले. फंदे मोजायला लावले. गळा, बाही, खिसा, घेर पाहायला लावला. खिसा नव्हता, घेर साधा होता, वीण बारीक होती, बटणपट्टी डावीकडून उजवीवर होती. त्यानेच सांगितले, "चाचा, मग हा ६१०५." लेबलवर कॉटन होते, पण टक्केवारी कोठेच नव्हती. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. समोरच्या पार्टीला लिहिले की दाखला बरोबर नंबराचा असेल तरच सौदा, आणि आगाऊ रक्कम त्यानंतर. हिशेब नव्याने मांडल्यावर पाच हजारांऐवजी पहिली खेप एक हजाराची करावी, असे त्याचे त्यानेच ठरवले.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. कायद्याची इंग्रजी पाने वाचताना आजही बोट ठेवून वाचावे लागते. पण फंदा आणि ताना-बाना ओळखायला इंग्रजी लागत नाही. ते आपल्या हातात पिढ्यांपासून आहे. जो माणूस अंधारात बोटाने कापड ओळखतो, त्याने आपल्या मालाचा नंबर परक्याच्या भरवशावर सोडू नये. नमुना, भिंग, प्रयोगशाळेचा कागद आणि त्या दिवसाचा दर या चार गोष्टी जवळ असल्याशिवाय बांधवांनी आयातीच्या कागदावर सही करू नये, एवढीच आमची विनंती आहे.